कारंजा धरणातली जर्मन पाणबुडी

भालकी तालुक्यातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कारंजा धरण, आणि त्यावर चालणारं सगळ्यात मोठं गलबत म्हणजे मासे धरणाऱ्यांची होडी. अशा मुलखात राहून मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या वस्तू जमवतो. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोची विचारपूस करतात. त्यात मला पोहता येत नाही, हेही गावाला ठाऊक आहे.

पण या वेडाला आधार आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. तिच्यात नेताजी सुभाषचंद्र बोस होते आणि सोबतीला होते आबिद हसन, हैदराबादचे. तेव्हा आमचं बीदर-गुलबर्गा निजामाच्या राज्यात, म्हणजे हसन आमचेच! आफ्रिकेला वळसा घालून एप्रिलअखेर मादागास्करजवळ पाणबुडी पोचली. तिथे खवळलेल्या समुद्रात, रबरी होडीतून, हे दोघे जपानी आय-२९ मध्ये चढले. त्याआधीचे दिवस फार वाईट गेले होते. खाण्यापिण्यासकट सगळ्याला डिझेलचा वास. अशात हसनना कोठारात डाळ-तांदूळ सापडले आणि त्यांनी खिचडी रांधली. नेताजी ती जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रहाने द्यायला लागले, तेव्हा शिधा संपेल म्हणून हसनच्या पोटात गोळा आला.

हे वाचलं आणि मी ठरवून टाकलं की त्या खिचडीचा निदान एक चमचा तरी हैदराबादेत आला असणारच.

“अहो,” बायको म्हणाली, “भर समुद्रात जीव मुठीत धरून या होडीतून त्या होडीत जाणारा माणूस चमचे बांधून घेतो का?”

तिला इतिहासाची दृष्टी नाही. यू-१८० पुढे ऑगस्ट १९४४ मध्ये बिस्केच्या उपसागरात सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली, त्यामुळे चमच्याबद्दल विचारायची सोय राहिली नाही.

चमचा मिळाला नाही, पण हैदराबादच्या एका जुन्या बाजारात पितळी गेज मिळालं. भलंमोठं, काचेला तडा, आत काळा काटा. “पानी के अंदर के जहाज का है, साब,” विकणारा म्हणाला. मी काटा निरखला. दर दहा मीटर खोल गेलं की पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून पाणबुडीतलं खोली दाखवणारं गेज मुळात दाब मोजणारंच असतं, एवढं मला वाचून माहीत होतं. अर्धवट ज्ञानाने जेवढं नुकसान होतं तेवढं अज्ञानाने होत नाही. तबकडीवर ‘एल-बी-एस’ अशी अक्षरं होती. ते जर्मन गोदीचं नाव असणार असं समजून मी घासाघीस न करता पैसे मोजले.

गेज दिवाणखान्यात लागलं. पाहुण्यांना मी बोटाने काटा दाखवून दोनशे मीटर खाली नेऊन आणत होतो. मग साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेले शेजारचे काका आले. त्यांनी चष्मा पुसला, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, “हे वाफेचं गेज की रे. एल-बी-एस म्हणजे पौंड. हे इतकं वर गेलं की आम्ही पळत होतो.”

शहाण्याने इथे थांबावं. मी बिल्ला घेतला.

जर्मन पाणबुडीवाल्यांचा युद्धबिल्ला १३ ऑक्टोबर १९३९ रोजी सुरू झाला. मूर्तिकार पाउल पेकहाउस याने तो घडवला: पानांच्या वेढ्यात पाणबुडी, वर गरुड आणि गरुडाच्या पंजात स्वस्तिक. साधारण दोन मोहिमा केल्यावर तो छातीवर लागायचा. त्या नौदलात पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांतले तीस हजारांच्या आसपास परत आलेच नाहीत. उरलेल्यांचे बिल्ले दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी आठवण म्हणून खिशात घातले. त्यानंतर इतके नकली निघाले, की आज खरा ओळखणं हाच एक धंदा आहे. आईने स्वस्तिक पाहून बिल्ला देवघरात ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं. ते कुणाचं आणि त्याच्याखाली किती माणसं मारली गेली, हे मी सांगितलं. तिने काही न बोलता बिल्ला उचलून चपलांच्या फळीवर ठेवला. मुलीने पाठीमागची पिन बघितली आणि आमच्या वर्गाच्या मॉनिटरच्या बिल्ल्याला अशीच आहे म्हणाली.

मी चिडलो आणि बीदर गाठलं. जस्ताची पारख करावी तर तिथल्या बिदरीवाल्याने, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार जडवणाऱ्या कारागिराने. बिदरीचा मिश्रधातू म्हणजे बहुतेक जस्त, त्यात थोडं तांबं. आणि युद्ध लांबलं तसे जर्मनांचेही बिल्ले जस्ताचे झाले होते. कारागिराने बिल्ला हातात झेलला. “जस्ताच है, साब.” मला आनंदाने कंठ फुटेना! खात्री म्हणून मीच म्हटलं, तुमची माती लावून बघा.

त्याने किल्ल्यातल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवली, चव घेतली, मान हलवली. मातीचा कस ते असाच बघतात. मग माती नवसागराच्या पाण्यात कालवली, बिल्ला जरा तापवला आणि चोळला. सोनेरी मुलामा उतरला. गरुड काळा झाला, पाणबुडी काळी झाली, मागची अक्षरं बुजली. या मातीने जस्ताचा मिश्रधातू काळा पडतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते, ही बिदरीची सगळी करामत. माझ्या बिल्ल्यात चांदी नव्हती. तो खरा होता की खोटा, हे आता जर्मनीलाही सांगता येणार नाही.

“चांदी का तार डाल दूं?” कारागिराने विचारलं.

ज्यांना जर्मन पाणबुडीचीच हौस आहे त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या नौदलातल्या शिशुमार आणि शंकुश त्याच कीलमध्ये बांधल्या आणि १९८६ साली दाखल झाल्या, शल्की आणि शंकुल मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाल्या. त्यांचं काही विकायला निघत नाही. माझं गेज मात्र विकणे आहे. काटा चालू आहे, काचेला तडा आहे, बॉयलरवाल्यांनी चौकशी करावी. बिल्ला देणार नाही. त्याला तार घालायला दिली आहे.