ओ. एस. जागेवर आहेत

शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा, प्राचार्य मीटिंगला गेलेले असतात आणि ओ. एस. जागेवर असतात. ऑफिस सुपरिंटेंडेंट हे लांबलचक नाव फक्त पाटीपुरतं. गोल शिक्का यांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात, म्हणजे कॉलेजच खिशात म्हणा ना! शिवाजी विद्यापीठाचं परिपत्रक आधी यांना कळतं, मग प्राचार्यांना, आणि प्राध्यापकांना कळेतो दुरुस्तीचं परिपत्रक आलेलं असतं.

कागदावर आहे ते आहे, नाही ते झालंच नाही, यावर त्यांची गाढ श्रद्धा. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची बाकं वाहून गेली. पंचनामा झाला, पण निर्लेखनाचा ठराव राहिला. त्यामुळं ती बाकं डेड स्टॉक रजिस्टरला अजून जागच्या जागी आहेत. दर मार्चला पडताळणी होते, ओ. एस. त्यांच्यापुढं लाल पेनानं बरोबरची खूण करतात. नव्या शिपायानं एकदा विचारलं, "साहेब, ही बाकं हायत कुठं?"

"पान अठ्ठेचाळीस," ओ. एस. मान वर न करता म्हणाले.

डिसेंबरात फीचा दुसरा हप्ता मागितला की खिडकीशी एकच उत्तर येतं : "बिल आलं की भरतोच की साहेब!" ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ओ. एस. यांना तो विद्यापीठ कायद्यापेक्षा जास्त पाठ आहे.

"तोडणीची टोळी आली का शेतात?"

"पाळीपत्रक लागलंय, पर अजून आलेली न्हाई."

मग कॅलेंडरवर बोट फिरतं आणि पोराच्या नावापुढं पेन्सिलीनं तारीख पडते. पेन्सिलीनंच, कारण कारखान्याचा भरवसा ओ. एस. देत नाहीत. पण फी थकली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवलाय, असं मात्र कधी झालेलं नाही. खवचट बोलतील, उद्या या म्हणतील, आणि शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री सर्व्हर मोकळा होतो म्हणून अकरापर्यंत एकटेच क्लिक करत बसतील. त्याचा ओव्हरटाइम कुठल्या रजिस्टरला नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबी तोही झालेला नाही!

खरी परीक्षा पावसाळ्यात. नरसोबाच्या वाडीला दत्तमंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिणद्वार झालं की तालुका स्नानाला धावतो, हे रजिस्टरं बांधायला घेतात. मोबाइलवर एकीकडं अलमट्टीचा विसर्ग, दुसरीकडं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट, म्हणजे इशारा : कॅशबुक आणि सर्व्हिस बुकं वरच्या मजल्यावर. ४३ फूट, म्हणजे धोका : जावक रजिस्टर, परीक्षेचे कागद, आणि अर्थातच डेड स्टॉक. कॉम्प्युटर सगळ्यांत शेवटी. त्यांचा विमा आहे, कॅशबुकाचा नाही.

२०२१ लाही हेच चाललेलं. पाणी आवारात आलेलं, दोन शिपाई जिन्यात, ओ. एस. गुडघाभर पाण्यात पॅण्ट दुमडून उभे. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन.

"माझ्या केबिनमधलं नॅकचं सर्टिफिकेट काढलं का हो? भिंतीवरचं, फ्रेमचं?"

"राहू दे साहेब," ओ. एस. म्हणाले, "त्याची पाच वर्षांची मुदत मेमध्येच संपलीय."