जेवण पहिल्या मजल्यावर

लग्नघरात बस्ता, दागिने, मेनू यांवर महिनोन्‌महिने खल चालतो. आलेला माणूस पानापर्यंत पोहोचणार कसा, यावर पाच मिनिटंही कुणी बोलत नाही. कितीतरी मंगल कार्यालयांत लग्न तळमजल्यावर आणि जेवण पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, असलीच तर केटररच्या पातेल्यांनी भरलेली. मग गुडघे गेलेल्या आत्याचं ताट खाली येतं आणि ती रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी जेवते. व्हीलचेअरवरच्या काकांना चार पोरं खुर्चीसकट उचलतात. पोरांचं कौतुक होतं. सगळ्या वऱ्हाडासमोर असं उचललं जाणं काकांना कसं वाटलं, हे कुणी विचारत नाही. पुढच्या लग्नाला ते ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरीच राहतात आणि आपणही ते खरं मानतो.

मजल्याचं सोडा, दारातल्या पायरीलाही उतार नसतो. व्हीलचेअरला एक फूट चढायचं तर १२ फूट उतार, हे साधं प्रमाण आहे. म्हणजे सहा इंची पायरीला सहा फूट. फुलांच्या कमानीला याहून जास्त जागा मिळते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही सार्वजनिक मानल्या. जुन्या इमारती सुधारायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम आले जून २०१७ मध्ये. हिशोब कार्यालयाच्या मालकांनीच करावा.

बाकीच्या गरजा तर फुकटात भागतात. बुफे असला तरी दोन-चार टेबलं मांडा. एका हातात काठी धरणाऱ्याने ताट कशात धरायचं? मुहूर्त लांबला तर इन्सुलिन घेणाऱ्यांना आधी वाढा, त्यांचं जेवण अक्षतांसाठी थांबू शकत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्याला ‘अगदी थोडाच आहे’ हे उत्तर चालत नाही. आणि तान्हं बाळ घेऊन आलेल्या आईला एक आतून कडी लागणारी खोली द्या.

पत्रिकेत आपण ‘कृपया आहेर आणू नये’ असं आवर्जून छापतो. त्याखाली आणखी एक ओळ घाला : पायऱ्या, जेवण, बसणं यांची काही अडचण असेल तर या नंबरवर कळवा. आणि हॉल बघायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी जेवणाचा मजला विचारा. लिफ्ट नाही म्हटल्यावर चार गिऱ्हाइकं परत गेली, की मालक स्वतःच गवंडी बोलावेल.