गरीला नियम लावा, पण जाळ्यानंतर

गड नदी मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याला पोहोचते तेव्हा तिच्या पाण्यात समुद्र मिसळलेला असतो. एका अंगाला भरतगड, पलीकडे भगवंतगड, मध्ये खोतजुवा बेट, आणि खाली कालावलची खाडी. या पाण्यात शेवटे आहेत, काळुंद्री आहेत, तांबोशी आहे, गोब्रा आहे, आणि ज्याच्यासाठी लोक झोप मोडून काठावर येतात तो चोणक आहे. प्रश्नही याच पाण्यातला आहे. हौसेने गरवणाऱ्याला बंधनं हवीत का? आणि हवीत तर जाळ्यावर ज्याचं पोट आहे त्याच्याइतकीच हवीत का?

माझं उत्तर आधीच सांगतो. बंधनं हवीत, पण रांगेत त्याचा नंबर शेवटचा.

‘कायदा सर्वांना सारखा’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. पाण्यावर मात्र ते अन्याय करतं. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि आमिषाला एक सुंगट (कोळंबी) घेऊन बसलेला मसुऱ्याचा म्हातारा, आणि माशांची अख्खी झुंड एका फेकीत वेढून टनांनी उचलणारी पर्ससीन नौका, या दोघांना एकच नियम लावणं म्हणजे पर्ससीनवाल्याला सूट देणं. या दोघांच्या मध्ये आणखी किती जण आहेत ते बघा. खाडीत कांडाळीचं जाळं लावणारा, पागाचं जाळं फेकणारा, किनाऱ्यावर रापण ओढणारा, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिसरे (शिंपले) काढणारी बाई. आणि आता त्यांच्यात नवीन आलेला, महागडं रीळ आणि रंगीत कृत्रिम आमिष घेऊन शनिवार-रविवारी गाडीने उतरणारा हौशी. प्रत्येकाचा हात किती लांब जातो ते मोजल्याशिवाय न्यायाची भाषा करू नये.

आता पावसाळी बंदीकडे या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, समुद्रात यांत्रिक नौका बंद. ही बंदी योग्य आहे, कारण याच काळात बरीच मासळी अंड्यावर असते आणि दर्याही माणसाला जिवंत परत पाठवेल याची खात्री नसते. नौका किनाऱ्याला ओढल्या जातात, इंजिनं उतरवली जातात, जाळी दुरुस्तीला पसरतात. कमाई थांबते, कर्जाचा हप्ता थांबत नाही. काठावरून गरी टाकणाऱ्याला मात्र ही बंदी लागत नाही. परवाना नाही, हंगाम नाही, किती मासे न्यावेत याला मर्यादा नाही. ‘आमचो धंदो बंद आणि तेंची मजा चालू?’ असं एखाद्या गाबीत मच्छीमाराच्या घरात कुणी म्हटलं, तर त्यात द्वेष शोधू नका. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या चुलीवर बंदी येते त्याला दुसऱ्याची करमणूक मोकळी दिसली तर राग येणारच.

हौशी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, ‘एका गरीने असा काय फरक पडतो?’ फरक पडतो, आणि तो समजायला चोणकाचं आयुष्य माहीत हवं.

चोणक जन्माला येतो तो बहुतेक नर म्हणूनच वाढतो. तीन-चार वर्षांनी नर म्हणून वयात येतो. पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचा झाला की त्याची मादी होते. मीटरभर लांबीचा, दोन्ही हातांनी छातीशी धरून फोटो काढण्याजोगा चोणक ही बहुतेक वेळा मादीच असते, आणि तिने तिथवर पोहोचायला कितीतरी पावसाळे जाळी, गऱ्या आणि मोठ्या माशांची तोंडं चुकवलेली असतात. पावसाळ्याच्या सुमाराला हे मासे खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला जमतात. अशी मोठी मादी हंगामात लाखो अंडी देते. पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि कांदळवनाच्या मुळांत, खारट-गोड्या पाण्यात वाढतात. म्हणजे हौशीला जो मासा सर्वांत प्रिय, तोच खाडीला सर्वांत गरजेचा. पागात सापडलेले दहा छोटे शेवटे आणि गरीला लागलेली एक जुनी चोणकीण यांचं वजन काट्यावर सारखं भरेलही. खाडीच्या हिशेबात ते सारखं नाही.

शिवाय मोठ्या माशाला वाचवणारा नियम आपल्याकडे कुठे आहे? २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, त्याहून लहान पकडायचा नाही. चांगला निर्णय, उशिरा आलेला. पण तो लहानाला वाचवतो. चोणकासारख्या माशाला खालची मर्यादा हवी तशी वरचीही हवी: अमुक लांबीच्या वरचा सापडला तर पाण्यात परत. हा नियम जाळ्याला पाळणं अवघड आहे, कारण जाळ्यात अडकलेला मासा बऱ्याचदा मेलेलाच हाती येतो. गरवणाऱ्याला मात्र तो सहज पाळता येतो. मासा जिवंत हातात असतो आणि निर्णय त्याचा एकट्याचा असतो. म्हणून या एका बाबतीत गरवणाऱ्यावर जाळेवाल्यापेक्षा जास्त जबाबदारी टाकायला मी तयार आहे.

सोडायचा म्हणजे नीट सोडायचा, हेही सांगून ठेवतो. कोरड्या हाताने दाबून धरलेला, वाळूत लोळवलेला, चार मित्रांचे फोटो होईपर्यंत पाण्याबाहेर ठेवलेला मासा परत टाकला तरी तो कितीसा जगणार? हात ओले हवेत, गरीचा काटा पक्कडीने चेपलेला हवा, आणि फोटो मासा पाण्यात असतानाच काढायचा.

हौस एकंदरीत नगण्य असते, हा समजही खरा नाही. स्टीव्हन कुक आणि इयन काउक्स या दोन अभ्यासकांनी २००४ साली अंदाज मांडला होता की जगात पकडल्या जाणाऱ्या एकूण मासळीतला सुमारे १२ टक्के वाटा हौशी मासेमारीचा असावा. आपल्याकडे तो तेवढा नसेल. पण खाडी लहान असते. एका डोहाचा पत्ता व्हिडिओतून बाहेर गेला की पुढच्या सुट्टीला तिथे गाड्या लागतात, आणि मग ‘एक गरी’ एक राहत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा माणूस हौशींवर उठला आहे. नाही. कारण आता मोठ्यांकडे वळायचं आहे.

५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याने पर्ससीनला वेसण घातली: मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायची. त्याआधी पर्ससीनबाबतचा डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल येऊन पडला होता, आणि २०१५ साली आचऱ्यात पारंपरिक मच्छीमार आणि मिनी पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष पेटून पोलिसांपर्यंत गेला होता. आचरा मसुऱ्यापासून लांब नाही. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडीच्या झगमगाटाने मासळी गोळा करून उचलण्यावर बंदी घातली. २०२१ साली राज्याने १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा सुधारला. एलईडीला ५ ते २० लाख रुपये दंड, विनापरवाना पर्ससीनला १ ते ६ लाख, लहान मासळी पकडल्यास १ ते ५ लाख. दंड ठोठावण्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आलं. २०२५ च्या जानेवारीपासून पाळतीसाठी ड्रोनही उडू लागले. कागदावर सगळं आहे. तरीही मालवणच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्राकडे पाहणाऱ्या मच्छीमाराची तक्रार तीच राहते: क्षितिजावर दिवे आहेत.

नियम मोडणारा मोठा असेल तर तो दूर असतो, वेगवान असतो, १२ सागरी मैलांच्या पलीकडचं पाणी केंद्राचं असल्याचा वाद घालतो आणि वकील लावतो. काठावरचा माणूस जवळ असतो, बसलेला असतो आणि पळत नाही. नियम सोप्या माणसापासून सुरू करायचा मोह म्हणूनच प्रत्येक व्यवस्थेला होतो. युरोपात बास नावाच्या माशाचं हेच झालं. साठा ढासळला म्हणून २०१८ च्या सुरुवातीला उत्तरेकडच्या पाण्यात गळ टाकणाऱ्या हौशीला एकही बास घरी न्यायला मनाई झाली, आणि त्याच वेळी जाळी लावणाऱ्या नौकांना वर्षाला १.२ टनांपर्यंत बास आणायला मुभा राहिली. काठावरची माणसं खवळली, आणि त्यांचं खवळणं बरोबर होतं. त्या वर्षी ऑक्टोबरपासून त्यांना दिवसाला एक मासा न्यायची मुभा मिळाली. बास वाचायला हवा होता यात वाद नाही. पण जाळ्याला मुभा ठेवून गळाला पूर्ण मनाई केल्यामुळे नियमावरचा विश्वासच गेला. एकदा विश्वास गेला की पहारा कितीही वाढवा, नियम पाळला जात नाही.

पारंपरिक मच्छीमारांशीही मी गोड बोलणार नाही. रापण ही सामुदायिक पद्धत आहे. गाव मिळून ओढतं, वाटे पडतात, विधवेलाही वाटा जातो, आणि या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यातून बोटाएवढी पिल्लं वाळूवर येतात तेव्हा ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो’ एवढ्यावर भागत नाही. किमान आकार पापलेटला आहे तो रापणीच्या पापलेटलाही आहे. पर्ससीनकडे बोट दाखवून स्वतःचा आस लपवला तर तक्रारीचा जोर आपणच कमी करतो. आणि पर्यटकांना तळहातापेक्षा लहान पापलेट ताटात वाढून ‘मालवणी थाळी’ म्हणून विकणाऱ्यांनीही स्वतःला या वादाबाहेर समजू नये.

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे तो ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळंही होती, त्यामुळे सगळा दोष मासेमारीला देता येणार नाही. पण एवढा खाली गेलेला आकडा गरवणाऱ्यांनी खाली नेलेला नव्हता, हे निश्चित.

आणि वाळू. कालावल खाडीतली वाळू उपसली जाते, परवान्याने आणि परवान्यावाचून. उपसा झाला की तळ खरवडला जातो, तिसऱ्यांची जागा जाते, पाणी गढूळ होतं, काठ ढासळतो. इथे ना गरीचा संबंध, ना जाळ्याचा. सुकतीला टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईने कुठलाही नियम मोडलेला नसतो, आणि सर्वांत आधी तिची टोपली रिकामी होते. मासेमारीतल्या न्यायावर चर्चा करताना हा उपसा ‘महसूल खात्याचा विषय’ म्हणून बाजूला काढणं मला मान्य नाही. माशाला खात्यांच्या हद्दी कळत नाहीत.

मग मसुऱ्यात काय व्हावं? माझी मागणी अशी. बांबूच्या काठीने, हातदोऱ्याने घरच्या कालवणापुरतं गरवणाऱ्या गावकऱ्याला परवाना नको, शुल्क नको. गणपतीला आणि मे महिन्यात घरी येणाऱ्या चाकरमान्यालाही नको. भाड्याची होडी घेऊन, रीळ लावून खाडीत उतरणाऱ्या बाहेरच्या हौशीला मात्र नोंदणी हवी, दिवसाला किती मासे न्यायचे याची मर्यादा हवी, मोठा चोणक सोडायची सक्ती हवी, आणि जून-जुलैत खाडीच्या मुखाशी त्याची गरी बंद हवी. त्याने भरलेलं शुल्क मुंबईच्या तिजोरीत न जाता इथल्या मच्छीमार संस्थेकडे यावं आणि त्यातून बंदीच्या ६१ दिवसांत घरी बसलेल्यांना काही मिळावं. होडी गावातल्याच माणसाची असावी आणि वाटाड्याही गावातलाच. चोणक कुठे अंडी घालतो हे त्याला ठाऊक असतं, आणि त्या जागेपासून होडी लांब ठेवायची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते.

आणि जो मासा विकला, तो हौसेचा उरत नाही. हौशीच्या थैलीतला चोणक बाजारात दिसला की तो धंदा झाला, मग धंद्याचे सगळे नियम, परवान्यासकट. यात मला तडजोड दिसत नाही. हौशी माणसाला मासा मिळाला नाही तरी त्याचा पगार होतो. त्याने विकलेला प्रत्येक मासा कांडाळी लावणाऱ्याच्या मासळीचा भाव पाडतो.

पण हे सगळं लागू करायच्या आधी एक गोष्ट व्हायला हवी. सप्टेंबर ते डिसेंबरच्या बाहेर पकडल्या गेलेल्या पर्ससीन नौका किती, एलईडीवाल्या किती, त्यातल्या कितींना प्रत्यक्ष दंड भरावा लागला, आणि जप्त केलेलं साहित्य कुठे आहे, याचा हिशेब सिंधुदुर्गच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाने दर ३१ मेला, बंदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मालवणात आणि खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मसुऱ्याच्या ग्रामसभेने तो मागावा. तो हिशेब लागला की मग काठावरच्या माणसाला नियमांचा कागद द्या. मी स्वतः त्याच्यासोबत बसून तो वाचून दाखवीन.