राशी आवरण्याची रीतसर पद्धत

बैजिक राशीला सरळ रूप देणे म्हणजे तिच्यातील सरूप पदांची बेरीज-वजाबाकी करून पसारा आवरणे. दोन पदांत चले तीच आणि त्यांचे घातांकही तेच असले की ती सरूप. सहगुणक काहीही चालतो. क्ष आणि क्ष² यांचे आडनाव एक असले तरी चूल वेगळी आहे. उलट क्षय आणि यक्ष दिसायला कितीही वेगळे असोत, गुणाकारात क्रम बदलल्याने फरक पडत नसल्यामुळे ते एकच.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘बीजगणित’ ग्रंथात अव्यक्त राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन बजावले होते की एका जातीच्या राशी मिळवाव्यात, वेगळ्या जातीच्या नुसत्या शेजारी मांडाव्यात. काळ्यात निळे कालवण्याची प्रथा त्यानंतरही अखंड चालू आहे.

सरावासाठी ७क्ष − ३(२क्ष − ५) + ४य − य + २क्ष² ही राशी घ्यावी. आधी कंस सोडवावा. बहुतेक अपघात इथेच होतात: बाहेरच्या −३ ने पहिल्या पदाला इमानाने गुणले जाते आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचताना उणे चिन्ह वाटेत सांडते. −३ गुणिले −५ म्हणजे +१५. ज्यांना −१५ च लिहायचे आहे त्यांनी ते ठळक लिहावे. तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

मग प्रत्येक पद डावीकडच्या चिन्हासकट उचलावे. ७क्ष − ६क्ष = क्ष. ४य − य = ३य; यातून ‘य गेला, ४ उरले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकट्या य मागे १ दडलेला असतो याची नोंद घ्यावी. हाती येते २क्ष² + क्ष + ३य + १५.

आता संयमाची कसोटी. एवढी पदे शिल्लक पाहून उत्तर अर्धवट वाटते आणि क्ष + ३य चे ४क्षय करण्याची अनावर ऊर्मी येते. त्यात गुणांचाच क्षय होतो.

पडताळ्यासाठी क्ष = २, य = १ ठेवावे; मूळ राशी आणि उत्तर, दोन्ही २८ येतात. क्ष = १ ठेवू नये, कारण तेव्हा क्ष आणि क्ष² सारखेच होतात आणि त्यांची भेसळ बिनबोभाट खपून जाते.

शेवटी ‘= ०’ जोडून क्ष ची किंमत काढायला बसू नये. ती कोणी विचारलेली नसते.