डॉक्टरांची गाडी आहे म्हणे!

काय हो वहिनी, गाडी घेताय म्हणे? कळतं हो सगळं. काल तुमचा लेक आमच्या भाऊजींना मोबाइलवर फोटो दाखवत होता, तेव्हा मीही डोकावले. लाल स्विफ्ट, डिझेल, 2016 चं मॉडेल, फक्त 32 हजार किलोमीटर, सिंगल ओनर आणि वर 'डॉक्टरांनी वापरलेली'. मला सांगा, या डॉक्टर लोकांकडे गाड्या तरी असतात किती? ऑनलाइन बघावं तर निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या आणि उरलेल्या 'लेडी ड्रिव्हन'!

तुमच्या लेकासमोर भाऊजी काही बोलले नाहीत. पोराचा हिरमोड कशाला, म्हणून. घरात आल्यावर मात्र म्हणाले, "वहिनी, यात पाणी मुरतंय. शोरूममध्ये जास्तीचे पैसे मोजून डिझेल गाडी कोण घेतो? ज्याला ती पळवायची असते तो. आणि हा म्हणतो, दिवसाला दहा किलोमीटरसुद्धा चालवली नाही!" आता त्यांचं अख्खं आयुष्य गॅरेजात गेलेलं. त्यांना असा वास लगेच येतो.

नाही हो, डिजिटल मीटर आहे म्हणून आकडा खरा असतो असं कुठंय? उलट आता जास्त सोपं झालंय म्हणतात. फियाटच्या काळात मीटरची केबल काढून ठेवायचे, नाहीतर मीटर खोलून आकड्यांची चाकं मागं फिरवायचे. मग ते आकडे एका ओळीत बसायचे नाहीत, एखादा वर-खाली दिसायचा आणि बिंग फुटायचं. आता डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं. मेकॅनिक गाडीतला बिघाड बघायला स्कॅनर लावतात ना, तेच. काही गाड्यांत तिथूनच मशीन जोडून आकडा बदलतात, काहींत मीटर काढून. चहा पिऊन होईपर्यंत लाखाचे 32 हजार!

पण आकडा बदलला तरी गाडी कुठं तरुण होते? भाऊजी तर मीटर बघतच नाहीत. दार उघडलं की आधी खाली वाकतात, पेडलकडे. 32 हजाराला ब्रेकच्या रबरावरची नक्षी शाबूत हवी. गुळगुळीत झाली असेल तर पाय बराच पडलाय. आणि जुन्या गाडीत रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, हेही विचारायचं. मग ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. चढता-उतरता अंग घासून तीच आधी बसते. स्टिअरिंग चकाकतंय का, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का, ते पुढं. म्हणून तुमच्या लेकाला सांगा, फोटो मागवायचेच तर पेडलचे आणि सीटचे मागव. बॉनेटचे नकोत. पॉलिश काय, कुणीही मारतं.

टायरवर शेवटी चार आकडे असतात, माहितीये? 3219 म्हणजे 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. आता हिशेब करा. 2016 च्या गाडीला चारही टायर 2019 चे असतील, तर पहिले टायर तीन वर्षांतच संपले ना? घरची गाडी टायर इतक्यात कसे झिजवेल? चारही अगदी नवे असतील तर मात्र संशय नको. वर्षं झाली की रबर कडक होतं, शहाणा माणूस बदलतोच.

आणि ऑइल बदललं की बॉनेटखाली नाहीतर दाराच्या चौकटीत स्टिकर लावतात. भाऊजींकडे एक गाडी आली होती, मीटरवर 41 हजार आणि स्टिकरवर 'पुढील सर्व्हिस 1,10,000'! लबाडी करायची तर नीट तरी करावी!

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी गेली की जॉबकार्डावर किलोमीटर लिहितातच. मालकाला म्हणावं, रेकॉर्ड काढून दे. तो का-कू करायला लागला की समजायचं. आरसीवर गाडी आधी टॅक्सी होती का, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, तेही बघायचं. पिवळ्या पाटीची गाडी आरटीओत रीतसर पांढऱ्या पाटीवर घेता येते, त्यात गैर काही नाही. पण मग 32 हजार कसले?

बेल्जियममध्ये म्हणे 2006 पासून कार-पास नावाचा कागदच आहे. गॅरेजवाल्यांनी दर वेळी किलोमीटर कळवायचे, आणि तो दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकायची नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ताब्यातली गाडी कुठं आणि किती फिरवली याची नोंदही ठेवावी लागते. चांगलंच आहे. पण डीलरकडे यायच्या आधीच मीटर मागं केलेलं असेल तर त्या नोंदीचं काय करायचं? आणि मालकाकडून थेट घेतली तर तेवढाही आधार नाही.

म्हणून भाऊजी डिलिव्हरीच्या कागदावर विकणाऱ्याच्या हातानं लिहून घेतात: मीटरवर अमुक किलोमीटर, त्यात फेरफार नाही, खाली सही. लिहिताना पेन अडखळलं तर भाऊजी तिथूनच परत फिरतात.

रविवारी ते मोकळे आहेत, स्कॅनर घेऊन येतो म्हणालेत. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही राहते, तिथं पितळ उघडं पडतं. गाडी उजेडात बघा, इंजिन गार असताना बघा. आणि तोवर लेकाला एवढं निक्षून सांगा: "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आत्ता टोकन पाठवा" असा फोन आला, तर एक रुपयाही पाठवू नकोस.