नियमराव

नेदरलँड्समध्ये आलेला मराठी माणूस पहिली दोन वर्षं सायकल, पाऊस आणि पोळ्यांसाठी बरी कणीक यांच्यामागे असतो. मग त्याला छंद लागतो. नियमरावांना डिस्क गोल्फचा लागला.

खेळ साधा. चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत घालायची. ही टोपली बनवणाऱ्या एड हेड्रिकची राख, तो २००२ मध्ये गेल्यावर, त्याच्याच इच्छेनुसार चकत्यांत मिसळली गेली. नियमरावांना मात्र नियमपुस्तकात मिसळून जायला आवडेल.

फेकणं हा त्यांच्या लेखी नाइलाज; त्यांचा खेळ चकती पडल्यावर सुरू होतो. इथे सहसा पंच नसतो, निकाल गटातल्यांनीच बहुमतानं लावायचा. सोसायटीच्या वार्षिक सभेत उपविधी वाचून दाखवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? ‘गच्चीवर गेला की आऊट, आणि बॉल मारणाऱ्यानंच आणायचा’ हा गल्लीतला कायदाही त्यांनीच केला असावा.

त्यात देश असा, की जिकडे बघावं तिकडे पाण्याचा चर. उन्हाळ्यात त्यावर टिकलीएवढ्या पानांचा हिरवा थर पसरतो आणि पाणी थेट हिरवळीसारखं दिसतं. चकती पडते, थर फाटतो, हळूहळू पुन्हा मिटतो. नियमराव धावत येतात. ‘‘पाण्यात गेल्याचा पुरावा?’’ प्रश्न पोरकट नाही. पाणी हद्दीबाहेरचं असेल आणि चकती त्यातच थांबली याचा पुरावा असेल, तर एक दंड घेऊन जिथून ती बाहेर गेली त्या काठाशी, हद्दीच्या एक मीटरपर्यंत आत उभं राहता येतं. पुरावा नसेल आणि तीन मिनिटांत ती सापडली नाही, तर ती हरवलेली; दंड तोच, शिवाय मागे जाऊन आधीच्या जागेवरून फेकायचं. तरंगत काठाला आली तरी उपयोग नाही, फक्त पाण्यानं हलणारी चकती थांबलेलीच धरतात. आणि निकालाआधी फेकणाऱ्यानंच ती उचलली, तर ती बाहेरच! डबा उघडायला आतुर झालेल्या मंडळींकडून ही चूक हटकून होते.

पण माणूस पक्षपाती नाही. स्वतःची चकती चटके देणाऱ्या ब्रांडनेटलच्या झुडपात गेली, तेव्हा ‘‘काका, घ्या की बाजूला,’’ असं सगळे म्हणाले. ‘‘जिवंत झाडोरा हलवायचा नसतो,’’ म्हणत ते वीस सेंटिमीटर रुंद, तीस लांब अशा त्या हक्काच्या जागेत पाय रोवून उभे राहिले, अर्ध्या विजारीत.

परवा मात्र त्यांची चकती काठावरच्या हंसिणीच्या घरट्याशी थांबली. अपायकारक प्राण्यापासून विनादंड सवलत मिळते, पण ही अपायकारक आहे हे ठरवायचं कसं? ती फुत्कारली. ठराव मंजूर झाला. तेवढ्यात तिनं चोचीनं चकती पाण्यात ढकलली.

‘‘थांबलेली चकती प्राण्यानं हलवली, तर मूळ जागी परत ठेवायची,’’ नियमराव गंभीरपणे म्हणाले.

ती कोणी ठेवायची यावर आम्ही लगेच मतदान घेतलं. विरोधात एकच मत पडलं.