विहिरीत पडा, वर गुणही द्या

अहो, आमच्या भाच्याचं कळलं का? इंदूरला नोकरीला आहे, चांगला शिकलेला. दिवाळीला नेपानगरला आला तो खिशात विहीर घेऊन. फोनमध्ये एक बारकंसं पोरगं त्या विहिरीत उडी मारतं आणि पडतच राहतं. आणि हा भरल्या ताटावरून मला म्हणतो, "मामी, पडणं काय सुरेख जमलंय बघ!" ऐन सणाला! थोरल्या वन्संनी हातातली दराब्याची वाटी तशीच खाली ठेवली.

त्या खेळाचं नाव 'डाऊनवेल', 2015 चा. करणारा ओजिरो फुमोटो तेव्हा टोकियोत ऑपेराचं गाणं शिकत होता. गाणं शिकायला घातलेला मुलगा विहीर खणून बसला. त्याच्या घरी काय झालं असेल, देव जाणे. या खेळात बूट हीच बंदूक. उडीचं बटण हवेत असताना दाबलं की तळव्यांतून गोळ्या सुटतात. संपल्या की कुठेतरी पाय टेकायचे, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर पडायचं, की पुन्हा भरल्या. लाल शत्रूला मात्र पाय लावायचा नाही. काळा, पांढरा, लाल, एवढेच तीन रंग. आमच्या वेळची रांगोळीसुद्धा याहून श्रीमंत होती.

बरं, खेळला तर खेळला. चार दिवस आलाय, खेळेना का. पण परीक्षण! संध्याकाळी पोह्यांच्या गाडीपाशी हा आणि याचे दोन मित्र उभे. खेळ पाच मिनिटांचा आणि निकाल पाऊण तासाचा. "उडी जड लागते." "आवाजात दम नाही." "दहापैकी साडेसात." साडेसात! हा दहावीला गणितात काठावर निघाला होता, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि हे कुठे, तर आमच्या गावात! देशातला वर्तमानपत्राचा कागद पहिल्यांदा इथल्या गिरणीत निघाला, 1955 साली. 26 एप्रिल 1956 ला नेहरू स्वतः येऊन ती गिरणी देशाला अर्पण करून गेले. त्या कागदावर तीन तासांच्या सिनेमाचं परीक्षण तीन ओळींत मावायचं.

खरी लाज तर पुढेच आहे. या पोरांना जुन्या धाटणीचे खेळ आवडतात, इथपर्यंत ठीक. पण नवीन खेळ करणारे मुद्दाम गरिबीचं सोंग आणतात हो! 'पिको-8' म्हणून एक यंत्र आहे. आहे म्हणजे नाहीच. दुकानात मिळत नाही, हातात धरता येत नाही, नुसता संगणकातला कल्पनेचा डबा. पण नियम कडक: पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, रंग 16, आणि अख्खा खेळ 32 किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवायचा. मी हिशेब केला. भाच्याच्या फोनवर जवळजवळ 26 लाख ठिपके आहेत आणि हा खेळतो 16,384 ठिपक्यांवर. बंगला बांधून ओसरीत झोपण्यासारखी गत.

त्यावर कडी म्हणजे 'यूएफओ 50'. 2024 साली आलं, एका डब्यात पन्नास खेळ. काय म्हणे, ऐंशीच्या दशकातल्या एका विस्मरणात गेलेल्या कंपनीचे हे खेळ. अशी कंपनी कधी नव्हतीच! सहा जणांनी वर्षानुवर्षं खपून जन्मदाखलाच खोटा तयार केला. त्या सहांत आपला विहीरवाला ओजिरोही आहे. मला वाटलंच होतं. आणि परीक्षक मंडळी त्या न झालेल्या कंपनीचा पहिला काळ, उतरता काळ, असं गंभीर तोंडानं बोलतात.

आम्ही तर खरं पाहिलेलं. माझं माहेर-सासर दोन्ही गिरणीच्या क्वार्टरांतलं. नव्वदच्या दशकात एका दुकानात पडद्याआड दोन मशिनी होत्या. एक रुपया टाकला की 'मुस्तफा'. कॅपकॉमच्या 1993 च्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते आमच्यात कुणाला ठाऊक? चार गड्यांतला एक मुस्तफा, त्याच्या नावानं सगळा खेळ. भाऊ दळणाला जायचा तो पीठ घेऊन यायचा, सुटे पैसे कधीच नाही. मुलींनी आत जायचं नाही, म्हणून मी दाराशी उभी राहून हाक मारायची, आणि फटीतून बघायची. फटीतून सगळा खेळ दिसतो, हे आईला आजवर माहीत नाही.

तेव्हा तीन मिनिटांत माणूस मरायचाच, कारण पुढचा रुपया त्यावर होता. बऱ्याच मशिनी उघडल्या की आत बारके स्विच असायचे. लाईफ किती द्यायच्या, खेळ किती अवघड ठेवायचा, ते मालकाच्या बोटावर. भाऊ हरला की शपथेवर सांगायचा, मालकानं एक लाईफ खाल्ली. आता रुपयाच नाही, मग माणसाला मारून फायदा कुणाचा? म्हणून या परीक्षकांचा पहिला प्रश्न असतो, मेलो ते कुणाच्या चुकीनं? माझ्या, की खेळाच्या? खेळाच्या असेल तर गुण कापले. हे मात्र मला पटलं. भावाला हे साल 93 ला कुणी विचारलं असतं तर!

आणि आतली गोष्ट सांगते, कुठे बोलू नका. 'सेलेस्टे'सारखे खेळ चक्क खोटं बोलतात. तुमचा गडी कड्यावरून घसरला, पाय हवेत, तरी सेकंदाचा बारीकसा तुकडा खेळ डोळेझाक करतो आणि उडी घेऊ देतो. खेळणाऱ्याला वाटतं, वा, काय वेळ साधली! भाचा याला 'हाताला गोड लागणं' म्हणतो. गिरणीच्या गेटवर कुणाला दोन मिनिटं अशी सुटली असती का?

वन्सं चार दिवस धुसफुसत होत्या. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात उजेड. ओट्याला टेकून, चष्मा नाकावर, भाच्याचा फोन हातात. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'. 2023 ला बाफ्टाचा सर्वोत्तम खेळाचा मान मोठमोठ्यांच्या नाकावर टिच्चून घेतलेला तो. यात आपण फक्त चालायचं, हत्यारं आपोआप चालतात. आणि एक हत्यार म्हणजे चक्क लसूण! अंगाभोवती लसणाचा घेर, जवळ येईल ते भूत गळतं.

मी म्हटलं, "वन्सं, हे काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "थांब गं. लसूण आठव्या लेव्हलला गेलाय. पुमारोला मिळाली की पेटी उघडायची."

"पुमारोला म्हणजे?"

"टोमॅटो. लसूण-टोमॅटो एकत्र झाले की भुतांचे आत्मे खातात." मग जरा थांबून, "चित्रं साधीच आहेत. पण नऊ देईन."